न वापरलेलं समीकरण

दाजी, तुमचं निधन मंगळवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सोनपेठच्या राहत्या घरी झालं. अक्का चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तुम्ही खुर्चीत होता आणि पेपर मांडीवर होता. डॉक्टर साडेसातनंतर आले. अक्कानं त्यांना सात दहा ही वेळ सांगितली. दुपारी तिला आठवलं, की भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं. तुमची शाळेची बस चुकू नये म्हणून तुम्हीच ते पुढं केलं होतं, आणि सेवानिवृत्तीनंतर ते कुणी मागं घेतलं नाही.

निधनवार्ता मी लिहिली. चार ओळींची. तिच्यात वय नाही. अक्कानं एकसष्ट सांगितलं. तुमच्या मुलीला विचारलं तर तिनंही एकसष्टच सांगितलं. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, आईनं. मग कपाटातून शाळेचा दाखला काढला. त्याच्यावरून बासष्ट होत होतं, पण दाखल्यावर जन्म जूनमधला होता, आणि त्याबद्दल तुमचं म्हणणं मला ठाऊक होतं. "आमच्या वर्गात चाळीस पोरं, अन् चाळीसच्या चाळीस जूनमधेच जन्मली. गुरुजींनी घेतलं लिवून. बाकीचे अकरा महिने गावात पाळणे काय रिकामे होते?" पेपरच्या संपादकीय डेस्कवरून फोन आला, वय राहिलंय. मी सांगितलं, राहू द्या, ताळा जुळत नाही.

जे निधनवार्तेत बसलं नाही, ते इथं लिहितो आहे.

अकरा वर्षांपूर्वी दहावीच्या निकालानंतर आमच्या पेपरात तुमच्या शाळेबद्दल एक बातमी आली होती. शाळेचं नाव नव्हतं. सोनपेठ तालुक्यातली एक शाळा, एवढंच होतं, आणि तालुक्याला तेवढं पुरलं. बातमी चुकीची होती. वर फक्त 'प्रतिनिधी' असं छापलं होतं. तो प्रतिनिधी मी होतो. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं की नव्हतं, हे तुमच्या हयातीत मला कळलं नाही. विचारायला अकरा वर्षं होती.

पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे.

मी दहावीला गणितात नापास झालो. झरीला आमच्या घरी अण्णांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि चौथ्या दिवशी मला कपड्यांच्या पिशवीसकट बसमध्ये बसवलं. अक्काच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. परभणीला बस बदलून मी सोनपेठला उतरलो, तर तुम्ही स्टँडवर उभे होता. शेजारी शाळेतले कुणी सहकारी होते. त्यांना तुम्ही माझी ओळख करून दिली. "लोक इचारतेत, सासऱ्यानं काय दिलं. हे बघा, हे दिलं. नापास मेव्हणा."

ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मी तुमच्याकडे राहिलो. संध्याकाळी पाचला तुम्ही शाळेतून यायचा, पाय धुवायचा, आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एक उदाहरण लिहून माझ्यासमोर ठेवायचा. पहिलं उदाहरण मला आजही तोंडपाठ आहे. कापूस आणि तूर मिळून बारा एकर. कापसाच्या एकरांची दुप्पट ही तुरीच्या एकरांच्या तिपटीपेक्षा चारनं जास्त. तर कापूस किती, तूर किती?

"असं कोण सांगतंय दाजी? सरळ शेतात जाऊन मोजावं."

"मोज की. पण शेत हाय कागदात, अन् तू हायेस परीक्षेच्या हॉलमधे. कसा जायलास?"

पुस्तकातले एक्स आणि वाय तुम्ही सुरुवातीला वापरू दिले नाहीत. कापसाला क, तुरीला त. क अधिक त बरोबर बारा, हे पहिलं समीकरण. दोन क वजा तीन त बरोबर चार, हे दुसरं. मग तुम्ही सांगितलं, की दोन माणसं एकदम ओळखू येत नसतील तर एकाची ओळख दुसऱ्याच्या तोंडून करून घ्यायची. कापूस म्हणजे बारातून तूर वजा. आता दुसऱ्या समीकरणात जिथं जिथं कापूस दिसेल, तिथं तिथं 'बारा वजा त' ठेवायचं. मग राहते एकटी तूर. ती सापडली की कापूस आपोआप सापडतो.

मी केलं. तूर पाच आली, कापूस सात. सात आणि पाच बारा. मी कागद तुमच्यापुढं सरकवला.

"जुळलं, दाजी."

"कशात जुळलं?"

"पयल्यात."

"अन् कापसाची किंमत काढली कशातनं?"

"पयल्यातनंच."

"मग जुळंल न्हाई तर काय करंल?" तुम्ही आत बघून आवाज चढवलात, म्हणजे अक्काला ऐकू जावं. "तुझ्या अण्णांनी माझी चौकशी केली ती माझ्या पोखर्णीच्या मावसभावाकडं. अन् खात्री करायची म्हणून दुसऱ्यांदा केली, ती त्याच मावसभावाच्या बायकोकडं. दोघांनी सांगितलं, पोरगा सोन्यासारखा हाय. म्हणून तुझी अक्का फसली."

आतून अक्का म्हणाली, "मी इचारलं असतं तर तुमच्या शेजाऱ्यांना इचारलं असतं."

"ऐक. हिला कळलं. हिला गणितात किती होते?"

मग तुम्ही मला सात आणि पाच दुसऱ्या समीकरणात ठेवायला लावले. साताची दुप्पट चौदा, पाचाची तिप्पट पंधरा. चारनं जास्त यायला हवं होतं, एकनं कमी आलं. चूक शोधायला मला पाऊण तास लागला. 'बारा वजा त' याची दुप्पट करताना मी बाराची दुप्पट केली होती आणि त तसाच सोडला होता. कंस घातला नव्हता. तुम्ही म्हणालात, कंस म्हणजे डब्याचं झाकण. एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं तर झाकण लावून न्यावं, न्हाईतर निम्मं वाटंत सांडतंय. कंस घालून पुन्हा केलं. तूर चार, कापूस आठ. सोळातून बारा गेले, चार राहिले.

त्याखाली तुम्ही मला एक ओळ लिहायला लावली आणि त्यानंतर प्रत्येक उदाहरणाखाली लिहायला लावली. "ताळा न वापरलेल्या समीकरणात केला. जुळला." जुळला नसेल तर 'जुळला नाही' असं लिहायचं, पण ओळ गाळायची नाही. मी विचारलं, याला मार्क असतात का? तुम्ही म्हणालात, न्हाईत.

ऑक्टोबरमध्ये मी बावन्न गुणांनी पास झालो.

तुमच्याशी माझा पहिला वाद लोप पद्धतीवरून झाला. मी कॉलेजात गेल्यावर. दोन समीकरणांची वजाबाकी करून एक अक्षर उडवून लावायचं, हे मला लवकर होणारं वाटायचं. तुम्हाला ती पद्धत येत होती, तुम्ही ती शिकवतही होता, पण आवडत नव्हती. तुमचं म्हणणं, उडवायची घाई कशाला, त्याची किंमत तर काढा. माझं म्हणणं, उत्तर तेच येतं. तुम्ही म्हणायचा, उत्तर तेच येतंय, पण पोराला वाटतंय की गेलेला माणूस गेला. तो गेलेला नसतोय, दुसऱ्याच्या पोटात असतोय. हा वाद दर दिवाळीला थोडा थोडा व्हायचा. मिटला नाही. माझं मत अजून तेच आहे.

आता ती बातमी.

निकाल लागला त्या आठवड्यात मी परभणीच्या कार्यालयात होतो. परीक्षेच्या कामाशी संबंधित एका माणसानं फोनवर सांगितलं, की सोनपेठ तालुक्यातल्या एका शाळेच्या एकवीस मुलांचा निकाल राखून ठेवला आहे. गणिताच्या उत्तरपत्रिकांमध्ये एका प्रश्नाखाली शब्दशः सारखा मजकूर सापडला आहे. सामूहिक कॉपीचा संशय आहे. शाळा कोणती, हे त्यानं सांगितलं. तुमची होती.

दुजोरा घेण्यासाठी मी दुसऱ्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, हो, माझ्याही कानावर तसंच आहे. त्यांच्या कानावर कुणी घातलं, हे मी विचारलं नाही. त्याच माणसानं घातलं होतं. त्याच दुपारी. हे मला महिनाभरानं कळलं.

तुम्हाला फोन केला नाही. नात्यातल्या माणसाची शाळा, म्हणून त्याच्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं. त्याला मी तेव्हा तटस्थपणा म्हणत होतो. आणि शब्दशः सारखा मजकूर म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्नही विचारला नाही. विचारला असता तर समोरच्या माणसानं ती ओळ वाचून दाखवली असती. ती मी ओळखली असती. दाजी, ती ओळ जिल्ह्यातल्या पत्रकारांपैकी फक्त मला पाठ होती.

बातमी दुसऱ्या दिवशी पान एकवर आली. तीन कॉलम. शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं, ते डेस्कनं घातलं होतं. शेवटची ओळ माझी होती: 'दोन सूत्रांनी या माहितीला दुजोरा दिला.' ती सवय मला होती. डेस्क बहुतेक वेळा ती ओळ जागेसाठी कापायचा. त्या दिवशी जागा होती.

पुढचं मी तुमच्या तोंडून ऐकलं, त्या हिवाळ्यात, पोखर्णीला, त्याच मावसभावाच्या शेतात. हुरड्याला बसलो होतो. आगटी पेटली होती, अक्का कणसं चोळत होती. तुम्ही सांगत होता आणि ती बातमी दुसऱ्याच कुणाची असल्यासारखा मी ऐकत होतो.

सुनावणी परभणीला होती. अक्का तिला पेशी म्हणते. तुम्ही सगळ्या मुलांना सकाळच्या एसटीनं घेऊन गेलात. पालकांपैकी काहीजण आले. काही आले नाहीत, कारण पेपरात आलं होतं. अधिकाऱ्यांनी तुम्हाला विचारलं, सगळ्यांची शेवटची ओळ एकच कशी? तुम्ही म्हणालात, साहेब, मी शिकवली म्हणून. ते म्हणाले, हे सिद्ध कसं होणार?

"मी म्हणलं, साहेब, तुमीच एक गणित घाला. मला दाखवू नका. पोरांला लांब लांब बसवा. मी बाहेर जातो." तुम्ही हुरड्याचे दाणे फुंकून तळहातावर घेतलेत. "गेलो. बाहेर चहा प्यालो. अर्ध्या तासानं बलावलं. साहेब हसायले. म्हणले, सर, ओळ तर सगळ्यांनीच लिवली, पण ह्या तिघांनी लिवलंय, जुळला न्हाई."

"मग?"

"मग काय. मी म्हणलं, आता बोर्डाच्या पेपरातबी बघा. तिथंबी कुणीतरी लिवलं असंलच. त्यांनी गठ्ठा काढला. चार पेपरांत होतं. जुळला नाही, वेळ संपला. मी म्हणलं, साहेब, कॉपी करणारा माणूस चुकीचं उत्तर टिपून त्याच्याखाली 'हे चुकलंय' असं लिवतो का?"

निकाल त्याच आठवड्यात जाहीर झाला. आमच्या पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या: राखीव निकाल जाहीर. त्या दोन ओळीही मीच लिहिल्या. आधीची बातमी चुकीची होती, असं त्यांत नव्हतं.

त्या चार पेपरांपैकी एक मीराचा होता. तिला परभणीला अकरावी सायन्सला जायचं होतं. बातमी आली त्या दिवशी तिच्या वडिलांनी सांगितलं, पोरीचं नाव झालं तेवढं बस्स, आता घरी राहायचं. निकाल लागला तेव्हा प्रवेश संपले होते. तुम्ही तिच्या घरी पाच वेळा गेलात. पाचव्यांदा तिच्या वडिलांनी तुम्हाला जेवायला बसवलं आणि पुढच्या वर्षी पाठवतो म्हणाले. पाठवलं. वर्ष गेलं ते गेलं. हेही तुम्ही हुरड्यालाच सांगितलंत, आणि सांगून झाल्यावर विस्तवातलं एक कणीस उलटं केलंत.

"त्या बातमीदारानं मला एक फोन करायला काय हरकत होती, गजा?"

ते मला विचारलंत, माझ्याबद्दल नाही. मी त्याच पद्धतीनं उत्तर दिलं.

"केला असता तर तुमी काय म्हणला असता? आमची पोरं कॉपी करत न्हाईत. शाळेचा माणूस दुसरं काय म्हणणार? तुमी एका बाजूचे."

"एका बाजूचा म्हणून समीकरण सोडून द्यायचं? दोन्ही समीकरणं एकेका बाजूचीच असतेत. म्हणून तर दोन लागतेत."

"त्यानं दोघांना विचारलं होतं, दाजी."

"होतं?"

"असंल. बातमीत होतं ना तसं."

"दोघं न्हाईत ते. एकच समीकरण दोनदा लिवलेलं."

अक्का म्हणाली, "पुरे झालं दोघांचं गणित. हुरडा थंड व्हायलाय."

त्यानंतर दहा वर्षं आपण त्या बातमीदाराबद्दल बोलत राहिलो. दिवाळीत, तुमच्या मुलीच्या लग्नात, तुमच्या सेवानिवृत्तीच्या जेवणात पंगत उठल्यावर. तो काय करू शकला असता, त्याला किती वेळ होता, त्याच्यावर डेस्कचा दबाव असेल का. मी त्याची बाजू घ्यायचो. तुम्ही त्याला कधी शिवी दिली नाही. एकदा तर म्हणालात, पोरगं वाईट नसंल, घाईत असंल. आपण दोघंही त्याच्या जागी कुणाचंच नाव ठेवत नव्हतो. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी जेवणं व्हायची, बसची वेळ व्हायची.

शेवटचं बोलणं तुमच्या निधनाआधी नऊ दिवस झालं, फोनवर. तुम्ही विचारलंत, गजा, तुमच्या पेपरात जुनी चूक दुरुस्त करतेत का, का जुनी झाली की ती बरोबर होतीय? मी म्हणालो, सात दिवसांच्या आतली असेल तर करतात. तुम्ही म्हणालात, बरं हाय. आमच्याकडं वही कवाबी तपासायला देता येतीय. मग पाण्याचं विचारलंत. सोनपेठला नळाला चार दिवसांनी पाणी येत होतं, परभणीला किती दिवसांनी येतं, असं.

दहाव्याचा विधी नदीवर झाला. तुमचे विद्यार्थी आले होते. किती, ते मोजले नाहीत. घरी परतल्यावर मी अक्काला विचारलं. स्वयंपाकघरात ती एकटी होती.

"अक्का, ती कॉपीची बातमी मी लिहिली होती."

"ठाऊक हाय."

"दाजींना ठाऊक होतं?"

"त्यांनीच तर मला सांगितलं."

"कधी?"

तिला आठवेना. "लय दिवस झाले. म्हणले, तुझ्या भावाची हाय, पण तू बोलू नको. तो सांगंल."

मीरा बाहेर दारापुढच्या ओट्यावर बसली होती. ती आता एका खाजगी शाळेत गणित शिकवते. मी तिच्यापुढं उभा राहून तेच वाक्य बोललो, जे अक्काला बोललो होतो. ती म्हणाली, पेशीहून परत येताना बसमध्ये मी सरांना विचारलं होतं, कुणी छापलं म्हणून. सर म्हणाले, माझ्याच एका विद्यार्थ्यानं. ताळा करतो, पण त्याच समीकरणात करतो.

"नाव सांगितलं का?"

"न्हाई. आज कळलं." ती माझ्याकडं बघत होती. "माझं एक वर्ष गेलं, सर."

मी म्हणालो, हो. जाताना ती म्हणाली, "आता तरी छापा. माझा बाप अजून म्हणतोय, धूर होता म्हंजी जाळ असंलच."

अक्काला तुम्ही सांगितलं होतं. मीरालाही तुम्हीच. तुमच्या नियमानं हे एकच समीकरण, दोनदा लिहिलेलं. म्हणून मी तुमचं कपाट पाहिलं. अक्काची परवानगी घेऊन.

खालच्या खणात दहावीचं बीजगणिताचं जुनं पुस्तक होतं, पाठीला खाकी कागद लावलेलं. एकसामयिक समीकरणांच्या प्रकरणात, सत्तावीस नंबरच्या पानावर, ते कात्रण होतं. तीन कॉलम. शाळेच्या वह्या तपासायचं लाल पेन वापरलं होतं. 'एकवीस' या आकड्याला गोल केला होता. शेवटच्या ओळीखाली, दोन सूत्रांच्या ओळीखाली, रेघ होती. तुम्ही मला कशावरून ओळखलंत, ते तिथं कळलं. बातमीच्या शेवटी ताळा लिहिणारा दुसरा कुणी नव्हता. समासात तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ताळा त्याच समीकरणात. परत करून आण.' खाली तारीख होती. बातमी छापून आली त्याच दिवसाची.

म्हणजे हुरड्याला तुम्हाला ठाऊक होतं. सेवानिवृत्तीच्या जेवणात ठाऊक होतं. पोरगं वाईट नसंल असं म्हणालात, तेव्हाही. दहा वर्षं तुम्ही मला माझ्याबद्दलच 'तो बातमीदार' म्हणून बोलू दिलंत आणि त्याच्या जागी माझं नाव ठेवलं नाहीत. ते काम माझ्यावर सोडलं होतं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलांना तुम्ही उत्तर कधीच सांगितलं नाही, हे मला माहीत होतं. ते मला लागू आहे, हे माहीत नव्हतं. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत की तुमच्यावर रागवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फोनवर तुम्ही वहीचं बोललात, तेव्हा मी पाण्याचं उत्तर नीट दिलं. पाच दिवसांनी, म्हणालो.

खुलासा मी परभणीला आल्यावर लिहिला. संपादकांनी विचारलं, अकरा वर्षांनी कोण वाचणार? मी त्यांना तीन नावं सांगितली, त्यातलं एक मीराच्या वडिलांचं होतं. ते म्हणाले, जुन्या बातमीचा खुलासा छापायची पद्धत नाही. मी म्हणालो, पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. ते मी एकाला सांगूनही बसलो आहे. त्यांनी पान पाचवर जागा दिली.

लाल गोल का केला होता, ते मला समजत नव्हतं. आकडा मी फोनवरच्या माणसाकडून घेतला होता आणि मुख्याध्यापकांनीही तोच सांगितला होता. मीराला विचारलं, किती जणांचा निकाल राखला होता? तिनं सांगितलेला आकडा लिहून घेतला. मग त्या वर्गातली दुसरी एक मुलगी शोधली. ती आता लग्न होऊन लातूरला असते, मीराशी तिचा संपर्क नाही. तिला तोच प्रश्न विचारला. तिनं बाकांच्या ओळी आठवून नावं मोजली. दोघींचं उत्तर तेवीस आलं.

खुलासा गुरुवारच्या अंकात आला. सात ओळी. बातमी चुकीची होती, कॉपी झालेली नव्हती, विद्यार्थी तेवीस होते, शाळेचं म्हणणं विचारलं नव्हतं. खाली माझं नाव. शेवटची ओळ ताळ्याची होती, ती डेस्कनं कापली नाही.

अक्कानं दुपारी फोन करून सांगितलं, की तिनं ते कात्रण कापून तुमच्या पुस्तकात ठेवलं. रविवारी मी सोनपेठला जाऊन पाहिलं. पान सत्तावीस. दोन्ही कात्रणं तिथं आहेत.